गळका माठ आणि चार चांगले बदल

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘टाळेबंदीत घरात सापडलेले पाच चांगले बदल’. हा पाचाचा आकडा माझा नाही, कार्यवाहांचा. आणि शाल-श्रीफळातच वीस मिनिटं गेलीत. तेव्हा हाती लागतील तेवढे सांगतो.

मार्च 2020 आठवा. 22 तारखेला जनता कर्फ्यू. घरात बसायचं होतं, आणि संध्याकाळी आपलं इंदूर थाळ्या बडवत राजवाड्यावर! इथले कोण कोण होते? नको, हात वर करू नका. (हशा) मग 25 पासून 21 दिवस सगळं बंद. आपले खाऊचे दोन्ही अड्डे, सराफा बंद, छप्पन बंद. रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाणारं गाव आठ वाजता भांडी घासून मोकळं.

आमच्याकडे आईच्या तुळशीनं मान टाकली होती. नर्सऱ्या बंद, माती आणायची कुठून? आई म्हणाली, “माळ्यावरचा गळका माठ काढ, घरीच खत करू. गळतोय तेच बरं, पाणी निथळेल.” काढला. आणि मी शिकला-सवरलेला माणूस त्यात काय टाकतो? रोज कलिंगडाची सालं. नुसती सालं! बाराव्या दिवशी जिन्यावरून वरच्या मजल्यावरचा मुलगा मास्कमधूनच ओरडला, “काका, काही मेलंय का?” मी म्हटलं, “भिया, अभिनंदन. तुला वास येतोय, म्हणजे तू ठणठणीत आहेस.” (हशा)

माठ उलटला, तर खाली काळा चिखल आणि अळ्या. आईनं अंगणातला पाचोळा मुठीत चुरला आणि सालांवर पसरला. एक थर ओला, एक कोरडा. वरून आंबट ताक. “दह्याला लागतं ना, तसं यालाही विरजण लागतं.” दर दोन-चार दिवसांनी काठीनं वर-खाली. हवा मिळाली नाही की सडतं, मिळाली की मुरतं. आठवड्यात वास गेला.

आता जरा विषयांतर. म्हणजे माझ्या मते हाच विषय. कंपोस्टच्या जगभरच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ आहे, आणि ती आपल्या शेतकी कॉलेजच्या आवारातली! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल 1924 मध्ये इथे आले, संस्था काढली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, असे थर. ठरावीक दिवसांनी उलथापालथ. तीनेक महिन्यांत खत. 1931 मध्ये त्यावर पुस्तक निघालं, 1935 मध्ये गांधीजी ते काम बघून गेले. आणि हॉवर्ड स्वतः काय म्हणत? हे आम्ही इथल्या आणि चीनच्या शेतकऱ्यांकडून शिकलो. आपण मात्र पोहे-जिलेबी आणि स्वच्छतेच्या पहिल्या नंबरापलीकडे इंदूरचं नाव काढत नाही. माझी ही जुनी तक्रार आहे, घरचे कंटाळलेत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. टाळेबंदीत आपण सगळ्यांनीच संकल्प केले. मी सूर्यनमस्कार घातले, बासरी आणली, इंग्रजी शब्द पाठ केले. त्यातलं आज काही उरलेलं नाही. माठ उरला. का? बासरीला हात लावला नाही तर ती गप्प पडून राहते. माठ नाही गप्प बसत, चौथ्या दिवशी सगळ्या वाड्याला सांगतो. जी सवय मोडल्यावर वास मारते ती टिकते, हा माझा सिद्धांत. मोबाइलवर ‘सकारात्मक राहा’चे फुलांचे निरोप पाठवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बाकीचे भराभर. जेवण लवकर: सराफा उघडला आणि संपलं. गच्चीवर फेऱ्या: गुडघ्यांनी सोडवल्या. बडोद्याच्या मावशीला रविवारी फोन: हा टिकला, कारण एक रविवार चुकला की सोमवारी ती बोलते, आणि तेही वासच मारणं आहे. (हशा) पाचवा राहिला, कार्यवाहांना विचारा.

तुळस? ती गेलीच. त्या खतात आईनं पुदिना लावला.

बाहेर पोह्यांच्या टेबलावर दोन डबे ठेवलेत. स्टीलच्या डब्यात पोह्यांवरचा मसाला, जीरावण आहे, प्लास्टिकच्यात माझं खत, हवं त्यानं घरी न्यावं. रंग जवळपास सारखाच आहे, भुरभुरवताना बघून घ्या.