स्टेजवरची श्रद्धांजली होतेच, जवानाचं नाव घरात कधी घेणार?

मंडळी, मागे आवाज येतोय ना? खांबाच्या आड जे बसलेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि मी शिक्षक होतो म्हणून घाबरू नका, आज कुणालाच उभं करून प्रश्न विचारणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'जवानांना घरच्या घरी मानवंदना, कशी आणि का'. कशी ते सांगणारच आहे, त्यासाठीच आलोय, पण आधी का ते सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की रणात पडलेल्या माणसाची आठवण आपण घरातून उचलून स्टेजवर नेऊन ठेवली, तिथं ती वर्षातून दोनदा हार घालून घेते आणि मंडपवाल्याबरोबर निघून जाते. ती परत घरात आणायला हवी. प्रत्येक घरात, घरात कुणी फौजेत असो नसो.

आता कुणी म्हणेल हे काय नवीन काढलं. नवीन अजिबात नाहीये. तुमच्या गावच्या देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे रणात पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आहे का नाही, सांगा बरं. हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आलेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शंकराच्या पिंडीपुढं बसलेला, आणि अगदी वर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर जहाजं कोरलीत, आरमाराची लढाई आहे ती, मुंबईला राहणाऱ्यांनी एकदा जाऊन बघा. पण वीरगळ झाला गावचा. घरात काय होतं? घरात होता टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठसवलेली छोटी मूर्ती. देवघरात खंडोबा, भवानी यांच्या टाकांशेजारी कित्येक घरांत वीराचा टाक असतो, घराण्यात कधीतरी कुणी धारातीर्थी पडला त्याचा. नाशिककडे धुळवडीला हे वीर मिरवत गोदावरीवर नेतात, घरातल्या लहान पोराला सजवतात आणि त्याच्या हातात देतात. लहान पोराच्या हातात देतात हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि पंचांग काढून बघा. पितृपक्षात सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, भाद्रपद वद्य चतुर्दशीला, शस्त्रादिहत पितृश्राद्ध असं लिहिलेलं असतं. शस्त्राने मेलेल्यांसाठी वर्षातला एक आख्खा दिवस वेगळा ठेवलाय आपल्या लोकांनी. ज्याची त्याची तिथी असतेच, पण रणात गेला त्याला चतुर्दशी. आज किती घरांत ही तिथी कुणाला माहितीय? आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, इंग्रजांनी तिथं स्मारक उभारलं. एका गावातले 46. त्यातल्या किती जणांचा देह घरी आला असेल? एकाचाही येणं शक्य नव्हतं, ती पद्धतच नव्हती. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय 22 फक्त, आणि त्यांचं नाव तिकडं कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय. ज्यांची कबर किंवा चिता सांगता येत नाही त्यांचं ते स्मारक. इकडं आईबापानं काय करायचं? घरातच करायचं, दुसरी जागाच नव्हती.

65 आणि 71 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढायांतही बहुतेकांवर तिकडं सीमेजवळच अंत्यसंस्कार झाले. पार्थिव तिरंग्यात गावी येतं, गाव लोटतं, हे जे आपण टीव्हीवर बघतो ते कारगिलपासून, म्हणजे 1999 पासून, मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्याआधी घरी यायची ती तार. आणि मग काही आठवड्यांनी काळी ट्रंक.

अशी एक ट्रंक मी बघितलीय, उघडून बघितलीय, म्हणून सांगतो, थोडा वेळ जाईल पण सांगू द्या. आमच्या वाडीत एक आजी होत्या, नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. मालक 65 च्या लढाईत गेले तेव्हा आजी विशीतल्या असतील. ट्रंकेत काय आलं? एक स्वेटर जो आजींनी कधी बघितलाच नव्हता, दाढीचा ब्रश, पितळी बकल, आणि दोऱ्यानं बांधलेला मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा, घरी पाठवलेल्या पैशांच्या. माणूस पावत्या जपून ठेवायचा. श्राद्ध वगैरे दीर करायचे, ब्राह्मण यायचा, आजी आत चुलीपाशी. त्या विधीत त्यांना जागा नव्हती म्हणा ना. मग त्यांनी स्वतःचं काढलं. चतुर्दशीच्या दिवशी संध्याकाळी, सगळे जेवून गेल्यावर, अंगणात घोंगडं अंथरायचं, ट्रंक उघडायची, एकेक वस्तू बाहेर मांडायची, आणि पलटणीकडून आलेला कागद शाळेत जाणाऱ्या कुठल्यातरी पोराला वाचायला लावायचा. काही वर्षं ते पोरगं म्हणजे मी. आजींना अक्षरओळख नव्हती, पण आर्मी नंबर तोंडपाठ, आणि मी एक आकडा चुकलो की "नंबर नीट वाच रं, नंबरावरनंच वळकत्यात तिथं" म्हणून पहिल्यापासून वाचायला लावायच्या. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, ठिकाण. त्या ठिकाणाचं नाव मला धड म्हणता यायचं नाही आणि आजींना तर ते कुठं आहे तेही माहीत नव्हतं, पण दरवर्षी एकदा ते आमच्या अंगणात मोठ्यानं म्हटलं जायचं. मग पावत्या मोजायच्या, ट्रंक बंद. रडणं नाही, भाषण नाही. मला ती तारीख आणि ते ठिकाण आजही पाठ आहे, शाळेत शिकलेल्या निम्म्या सनावळ्या विसरलो पण ते नाही. सांगायचं हे की इतिहास पोराच्या तोंडात असा बसतो.

आता याच्या उलट ऐका. आणि हे ऐकताना राग आला तर येऊ द्या, मला अजून येतो.

एका तालुक्याच्या गावी वीरमाता आणि वीरपत्नींचा सत्कार होता, मला निवेदनाला बोलावलेलं. वेळ दहाची. मायबाया साडेनऊलाच येऊन बसल्या, शिस्तीच्या घरातल्या, वेळेवर येणारच. पुढच्या रांगेत बसवलं, मान म्हणून, आणि मंडप नेमका मागच्या रांगांवर होता, पुढं ऊन. पाहुणे आले बाराला. तोवर त्या बायका डोक्यावर पदर धरून उन्हात. मी दोनदा सांगितलं खुर्च्या मागे घ्या म्हणून, तर म्हणे रांग बिघडेल, फोटोत दिसणार नाहीत. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो पुरुषभर उंच आणि खाली कोपऱ्यात जवानांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. नावं वाचायला माझ्या हातात यादी दिली त्यात एकाचं गाव चुकलेलं, एकाचं वर्ष चुकलेलं, आणि ते त्याच्या आईनंच पुढं येऊन हळूच सांगितलं, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलत होती ती, जणू चूक तिचीच. शाल, श्रीफळ. मग फोटोग्राफर म्हणाला एक शॉट हुकला, परत द्या. परत शाल काढली आणि परत घातली. एका म्हाताऱ्या आईच्या अंगावरची शाल काढून परत घातली हो, फोटोसाठी! मी माईकवर काय बोललो ते इथं सांगत नाही, पण त्यानंतर त्या मंडळींनी मला बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो.

सत्कार करू नका असं मी म्हणत नाहीये. नीट करणारी मंडळी खूप आहेत, सावली देणारी, आधी जेवू घालणारी, घरी गाडीनं सोडणारी. पण कितीही नीट केला तरी सत्कार हा सत्कार करणाऱ्याच्या सोयीनं होतो. त्या आईला जे हवं असतं ते म्हणजे तिच्या पोराचं नाव बरोबर घेतलं जावं, आणि ती गेल्यावरही कुणीतरी घ्यावं. हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये, अशा घरांत बसलो की हेच ऐकायला मिळतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत अध्यक्ष. बरं, म्हणजे मुख्य विषय आता दहा मिनिटांत, चालेल, ऐका पटपट.

दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, 25 फेब्रुवारी 2019 ला. त्यातल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतर पडलेल्या 25 हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत. तिथं संध्याकाळी एका जवानाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. फार चांगली पद्धत आहे. पण हिशोब करा, रोज एक नाव म्हटलं तरी सगळी नावं एकदा व्हायला 70 वर्षं लागतील. म्हणजे सरकारनं कितीही मनापासून केलं तरी एकेका नावाचा नंबर आयुष्यातून एकदा. आणि आपल्या राज्यात घरं किती? कोटींनी. एका घरानं एक नाव घेतलं तर एकही नाव वर्षभर सुनं राहत नाही. हा माझा सगळा मुद्दा.

आता कसं करायचं. पहिलं, एकच नाव घ्या. सगळ्या शहिदांना वगैरे नको, सगळे म्हटलं की कुणीच डोळ्यासमोर येत नाही. आपल्या गावचा, तालुक्याचा, आडनावाचा, नाहीतर आपल्या वाढदिवशी पडलेला, कसाही निवडा. गावच्या स्मारकावर नावं असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, युद्ध स्मारकाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. महायुद्धातले हवे असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं, कित्येकदा बापाचं नाव आणि गावही मिळतं, फक्त इंग्रजांनी स्पेलिंगं काहीच्या काही केलीत तेव्हा चारपाच तऱ्हांनी टाकून बघा. नाव ठरलं की बदलायचं नाही, दरवर्षी तेच.

दुसरं, दिवस. तो पडला ती तारीख, किंवा घातचतुर्दशी, म्हणजे मघाशी सांगितलेली पितृपक्षातली चतुर्दशी. वेळ दिवेलागणीची. फोटो असला तर ठेवा, नसला तर कागदावर नाव लिहा, दिवा लावा. आणि घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या पोरानं मोठ्यानं वाचायचं, नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव, कुठं पडला, कधी. मग नकाशा काढा आणि ते ठिकाण दाखवा. रेझांग ला कुठं आहे हे किती जणांना दाखवता येईल? लडाखमधली खिंड आहे ती, चीनबरोबरची लढाई, 18 नोव्हेंबर 1962, मेजर शैतानसिंग आणि 13 कुमाऊंची चार्ली कंपनी, 114 जण पडले, आणि बर्फामुळं त्यांचे देह पुढच्या वर्षी सापडले. नौदलाची युद्धनौका 'आयएनएस खुकरी' 9 डिसेंबर 1971 ला बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. समुद्रात गेलेल्या माणसाचं घरच्यांनी काय करायचं? म्हणून म्हणतो, नाव घ्या.

तिसरं, तिरंगा टेबलावर अंथरू नका, फोटोवर पांघरू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही. पांघरायचा मान लष्करी आणि शासकीय इतमामाच्या अंत्यविधीचा. आणि त्या दिवशी फोटो काढून स्टेटसला टाकू नका, एवढं एक माझ्यासाठी पाळा.

चौथं, पैसे. मानवंदना कोरडी नको. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून आहे, त्याचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय घेतं. शाळेत पोरांच्या हातात छोटा झेंडा देतात आणि सुटे पैसे गोळा करतात तोच. त्या दिवशी डब्यात काढून ठेवा, डिसेंबरात भरा, पावती मागून घ्या.

जातधर्म मध्ये आणू नका, ज्याच्या घरी जसं चालतं तसं. अब्दुल हमीद 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरणजवळ पडले, तारापोर पारशी, त्याच महिन्यात चविंड्याच्या रणगाड्यांच्या लढाईत, पूना हॉर्सचे. दोघांनाही परमवीरचक्र. कुणी दिवा लावेल, कुणी फातिहा म्हणेल, कुणी मेणबत्ती, कुणी नुसतं उभं राहील. नाव मात्र मोठ्यानं.

हां ताई, बोला. ... ताई विचारतायत, आमच्या घरात कुणी फौजेत नव्हतं, आमचं काही नातं नाही, मग आम्हाला अधिकार आहे का? चांगला प्रश्न, आणि उत्तर तयार आहे. माघ शुद्ध अष्टमी ही भीष्माष्टमी. भीष्मांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या दिवशी ज्याला इच्छा असेल त्यानं त्यांना तर्पण करावं असं शास्त्रात आहे, रक्ताचं नातं लागत नाही. आणि रोजच्या तर्पणातही 'ये अबान्धवा बान्धवा वा' म्हणतातच की, नात्यातले आणि नात्याबाहेरचेही. विशीबाविशीत गेलेली किती पोरं, लग्न नाही, लेकरू नाही, आईबाप गेले की नाव घेणारं घरात कुणी उरत नाही. त्यांचं तुम्ही नाही करायचं तर कुणी करायचं? आणि बायकांनी करावं का हेही मागून कुणीतरी हळूच विचारलं, मी ऐकलं. ट्रंकवाल्या आजींनी कुणाला विचारलं होतं?

बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवलेत, ज्यांना आपल्या तालुक्यातलं नाव शोधायला मदत हवी त्यांनी गावाचं नाव आणि फोन लिहून जा, आम्ही तिघंचौघं आहोत, यादी बघून कळवतो. कागद कमी पडले तर वहीत लिहा. आणि अध्यक्षांचे आभार, पंधरा मिनिटं जास्त घेतली.