आठी आंधळ्याला दिसली नव्हती

श्रोतेहो, अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

मक्केतला एक प्रसंग आधी सांगतो. पैगंबर मुहम्मद, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, कुरैश कबिल्यातल्या बड्या असामींशी बोलत बसले होते. ही माणसं एरवी ऐकून घ्यायलाच तयार नसत, आज निदान समोर बसली होती. यांच्यातला एखादा जरी वळला, तर त्याच्यामागे कितीतरी लोक येतील, असा तो मोका. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम आले. त्यांना दृष्टी नव्हती. समोर कोण बसलंय, बोलणं कुठवर आलंय, हे त्यांना कसं कळणार? त्यांनी आपलं लावून धरलं, ‘अल्लाहच्या रसूल, मला मार्ग दाखवा.’ पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तोंड फिरवलं आणि त्या बड्या मंडळींशी बोलणं चालू ठेवलं.

त्यावर आयती, म्हणजे कुरआनची वचनं, उतरल्या. कुरआनची ८०वी सूरह, म्हणजे अध्याय, तिथूनच सुरू होते: ‘अबस व तवल्ला.’ त्यांनी आठी घातली आणि तोंड फिरवलं, का, तर आंधळा त्यांच्याकडे आला. पहिल्या दोन आयतींत ‘त्यांनी’ आहे. तिसऱ्या आयतीपासून बोलणं थेट पैगंबरांशी होतं. तुम्हाला काय ठाऊक, कदाचित तोच शुद्ध होईल. ज्याला कशाची पर्वा नाही त्याच्यामागे तुम्ही लागता, आणि जो धावत आला, ज्याच्या मनात ईश्वराचं भय आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करता.

या प्रसंगात एका जागी मी दर वेळी अडखळतो. ती आठी त्या आंधळ्याला दिसलीच नव्हती. त्याला कोणी वेडंवाकडं बोललं नव्हतं. तो घरी गेला असता तर फार तर एवढंच म्हणाला असता, की आज पैगंबर कामात होते. त्याची काही तक्रार नव्हती. तरी त्या आठीची नोंद झाली, आणि ज्यांच्याबद्दल ती नोंद होती त्यांनीच ती लोकांना पढून दाखवली. आज चौदाशे वर्षांनीही ती नमाजेत पढली जाते.

लहानपणी मी ज्यांच्याकडे कुरआन पढायला जात असे, ते हाफिजसाहेब, म्हणजे कुरआन तोंडपाठ असलेले, जन्मांध होते. आम्ही दहाबारा पोरं रेहलवर, म्हणजे लाकडी घडवंचीवर, कुरआन उघडून एकदम मोठ्याने पढायचो, आणि त्या कालव्यातून माझी चूक त्यांना नेमकी ऐकू यायची. जेरचा जबर, म्हणजे ‘इ’चा ‘अ’, झाला की त्यांचं बोट चटईवर एकदा वाजायचं. तीच ओळ पुन्हा चुकली की दोनदा. ‘तुझे डोळे पुढे पळतात आणि कान मागे राहतात,’ असं ते म्हणायचे. ‘अबस’पाशी पोचलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ‘सावकाश पढ. ही माझी सूरह आहे.’ मला वाटलं, आवडती असेल. त्या वाक्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तर प्रश्न असा, की त्या बैठकीत आंधळं कोण होतं? कुरआनचं उत्तर २२व्या सूरहमध्ये, ‘हज’मध्ये आहे. आधी ओसाड पडलेल्या वस्त्या येतात, कोणी पाणी शेंदत नाही अशा विहिरी येतात, उंच वाडे येतात. हे लोक जमिनीवर फिरले नाहीत का, म्हणजे त्यांना समजणारी मनं आणि ऐकणारे कान लाभले असते? आणि मग ते वाक्य: डोळे आंधळे होत नाहीत, छातीतली काळजं आंधळी होतात.

यात कानांचा उल्लेख डोळ्यांच्या आधी आला आहे. कुरआनात बहुतेक ठिकाणी ऐकणं आधी आणि पाहणं नंतर येतं. तुम्ही मला पाहू शकत नाही आणि मी तुम्हाला, तरी आपलं चाललंय की नाही? रेडिओवर बसून ही गोष्ट सांगताना मला थोडी गंमतच वाटते.

पण ऐकू आलं म्हणजे झालं, असंही नाही. सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, जुन्या ग्रंथांत तीन रात्रींची हकिकत आहे. पैगंबर रात्री घरात नमाजेला उभे राहून कुरआन पढत. मक्केतले तीन सरदार, अबू सुफियान, अबू जहल आणि अखनस इब्न शरीक, आपापले निघाले आणि अंधारात वेगवेगळ्या कोपऱ्यांत ऐकत बसले. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पहाटे परतताना वाटेत तिघांची गाठ पडली. एकमेकांना बोल लावले, ‘पुन्हा असं करू नका, कोणी पाहिलं तर लोकांच्या मनात भलतंच येईल.’ दुसऱ्या रात्री तिघेही पुन्हा हजर. तिसऱ्या रात्रीही तेच. मग मात्र त्यांनी शपथच घेतली.

दिवस उगवल्यावर अखनस काठी घेऊन निघाला. आधी अबू सुफियानकडे गेला आणि विचारलं, ‘काय वाटलं?’ तो म्हणाला, काही गोष्टी कळल्या, त्यांचा रोख ध्यानात आला, काहींचा अर्थ लागला नाही. मग अबू जहलकडे. त्याने दिलेलं उत्तर असं: आम्ही आणि अब्दे मनाफचं, म्हणजे मुहम्मदांचं, घराणं मानासाठी झगडत आलो. त्यांनी लोकांना जेवू घातलं, आम्हीही घातलं. त्यांनी लोकांचे भार उचलले, आम्हीही उचलले. शर्यतीच्या दोन घोड्यांसारखे अगदी बरोबरीला आलो, आणि आता ते म्हणतात, आमच्यात पैगंबर आहे, त्याला आकाशातून वह्य, म्हणजे ईश्वरी संदेश, येते. याची बरोबरी आम्ही कधी करणार? अल्लाहची शपथ, आम्ही त्याला कधीच मानणार नाही.

या उत्तरात ‘हे खोटं आहे’ असं एक अक्षर नाही. जे ऐकलं त्याबद्दल तो काही बोलतच नाही, तो फक्त घराण्यांचा हिशोब मांडतो. तीन रात्री झोप मोडून ऐकायला जातो, म्हणजे आत कुठेतरी ओढ आहेच, आणि ती ओढ त्याने स्वतःच्या हातांनी दाबली. इ. स. ६२४मध्ये बद्रच्या लढाईत तो मारला गेला. त्याच अंधारात बसून तेच ऐकणाऱ्या अबू सुफियानने पुढे अनेक वर्षं पैगंबरांशी लढाया केल्या आणि ६३०मध्ये, मक्का सर झाली तेव्हा, इस्लाम स्वीकारला.

काफिर हा शब्द लोक शिवीसारखा फेकतात, म्हणून त्याचं मूळ सांगावंसं वाटतं. त्याचा धातू आहे झाकणे, लपवणे. ५७व्या सूरहमध्ये हाच शब्द शेतकऱ्यांसाठी आला आहे, असं भाष्यकार सांगतात, कारण शेतकरी बी मातीत झाकतो. तेव्हा ज्याला काही दिसलंच नाही अशा बापड्यापेक्षा, दिसलेलं झाकून ठेवणाऱ्याकडे या शब्दाचा रोख जास्त आहे. दुसऱ्याला हा शब्द लावताना जीभ जरा जड व्हावी.

हे झाकणं एका दिवसात होत नाही. ८३व्या सूरहमध्ये त्याला ‘रान’ म्हटलंय, गंज. त्यांच्याच कमाईचा गंज त्यांच्या काळजांवर चढला आहे. आणि हदीस, म्हणजे पैगंबरांचं नोंदवलेलं वचन, असं सांगते, की माणूस एक गुन्हा करतो तेव्हा काळजावर एक काळा ठिपका पडतो. त्याने तो गुन्हा सोडला, तौबा केली, म्हणजे पस्तावून माफी मागितली, की काळीज पुन्हा घासून लख्ख होतं. नाही केली, की ठिपका वाढत जातो आणि शेवटी सगळं काळीज व्यापतो. हे समजायला तेव्हाचा आरसा डोळ्यांपुढे आणावा लागतो. तो धातूचा असे. घासला तर त्यात तोंड दिसे, नुसता पडून राहिला तर गंजे. फोडायला कोणी यावं लागत नसे.

हीच आरशाची उपमा इमाम गजाली यांनी फार पुढे नेली. हे नुसते पुस्तकी पंडित नव्हते. बगदादच्या सर्वांत नावाजलेल्या मदरशात ते शिकवत होते, आणि १०९५मध्ये एक दिवस शिकवायला बसले तर जिभेतून शब्दच फुटेना. त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलं आहे. आपण हे अल्लाहसाठी शिकवतोय की नावासाठी, या प्रश्नाने ते महिनोन्‌महिने पोखरले गेले होते. शेवटी मानमरातब सोडून ते बगदादबाहेर पडले.

आरशात प्रतिमा का पडत नाही याची पाच कारणं ते देतात. गंज हे त्यातलं एक, ते आपण पाहिलं. मला हादरवतात ती दुसरी दोन. आरसा स्वच्छ आहे, पण तोंड भलतीकडे आहे. म्हणजे माणूस पापी नाही, नमाज-रोजा सांभाळतो, पण त्याचं सगळं लक्ष बाह्य आचाराच्या बारकाव्यांत किंवा रोजीरोटीच्या चिंतेत गुंतलेलं, सत्याकडे त्याने कधी तोंडच वळवलं नाही. दुसरं कारण, मध्ये पडदा आहे. आणि हा पडदा कसला? लहानपणी कानावर पडलेल्या, न तपासता मानलेल्या मतांचा. गजाली सरळ म्हणतात, की धर्माचे बहुतेक वाद घालणारे आणि आपापल्या मताचे कट्टर अभिमानी लोक या पडद्याआड आहेत. म्हणजे आंधळेपण मशिदीबाहेरच्यांचं, असं मानून निवांत बसायची सोय त्यांनी ठेवली नाही.

आता एक अवघड प्रश्न. कुरआनच्या २ऱ्या सूरहमध्येच म्हटलंय, की अल्लाहने त्यांच्या काळजांवर आणि कानांवर शिक्का मारला आहे आणि त्यांच्या डोळ्यांवर पडदा आहे. शिक्का अल्लाहनेच मारला, तर माणसाचा दोष काय? यावर विद्वानांचे वाद शतकानुशतकं चालले आहेत. चार मिनिटांत ते मिटवण्याचा आव मी आणणार नाही. फक्त ६१व्या सूरहमधली एक आयत तिच्याशेजारी ठेवतो: ते वाकडे झाले, तेव्हा अल्लाहने त्यांची काळजं वाकडी केली. यातला क्रम बघा.

आणि उलट बाजूने पाहिलं, तर दुसऱ्याच्या काळजाची किल्ली पैगंबरांच्याही हाती दिलेली नाही. ज्या चुलत्याने, अबू तालिब यांनी, त्यांना वाढवलं आणि शत्रूंपासून जपलं, त्यांच्या मृत्यूच्या वेळची आयत आहे: तुम्हाला जो प्रिय आहे त्याला तुम्ही मार्गावर आणू शकत नाही, अल्लाह ज्याला इच्छितो त्याला आणतो.

मग माणसाच्या हाती उरतं काय? पैगंबरांचे सोबती अबू मूसा अशअरी यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये पैगंबर म्हणतात, की मला ज्या हिदायतीसह, म्हणजे मार्गदर्शनासह, पाठवलं ती पावसासारखी आहे. काही जमीन चांगली, पाणी पिते आणि हिरवं उगवते. काही जमीन कडक. स्वतः पीत नाही, पण पाणी धरून ठेवते, लोक ते पितात, गुरांना पाजतात, शेताला देतात. आणि काही नुसतं सपाट माळरान, पाणी धरतही नाही आणि उगवतही नाही. पाऊस तिन्ही ठिकाणी सारखाच पडलेला असतो. पहिल्या आणि तिसऱ्या जमिनीबद्दल लोक खूप बोलतात. माझी नजर मधल्या जमिनीवर जाते. दुसऱ्यांना पाणी मिळालं, पण तिच्यात स्वतःच्यात एक पातंही उगवलं नाही. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही जमीन ओळखीची वाटते, एवढंच म्हणतो.

पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजेच्या रकाती, म्हणजे आवर्तनं, मोजली तर फजरच्या दोन, जुहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार, अशा सतरा होतात. म्हणजे माणूस दिवसातून निदान सतरा वेळा कुरआनची पहिली सूरह, फातिहा, पढतो आणि प्रत्येक वेळी म्हणतो, आम्हाला सरळ मार्ग दाखव. किबल्याकडे, म्हणजे काबागृहाच्या दिशेला, तोंड करून उभा असलेला माणूस हे मागतो! मार्ग एकदा सापडला आणि खिशात घातला, असं असतं तर सकाळी एकदा म्हणून भागलं असतं. पण काळजाला अरबीत ‘कल्ब’ म्हणतात, आणि त्याचा धातूच उलटणे, फिरणे असा आहे. पैगंबर स्वतः वारंवार दुवा मागत: हे काळजं फिरवणाऱ्या, माझं काळीज तुझ्या दीनवर, तुझ्या धर्मावर, कायम ठेव. ज्यांना वह्य येत होती, ते हे मागत होते.

आणि इब्न उम्मे मक्तूम? पुढे ते मदीनेला आले. पैगंबर त्यांचा फार मान ठेवत, आणि मोहिमेवर जाताना अनेकदा मदीना त्यांच्या हवाली करून जात. मशिदीत अजान देणारे दोघे होते, एक बिलाल आणि दुसरे हे. बिलाल रात्र असतानाच अजान देत. म्हणून पैगंबरांनी रोजे धरणाऱ्यांना सांगितलं होतं, की इब्न उम्मे मक्तूम अजान देईपर्यंत खात-पीत राहा. म्हणजे रात्र संपल्याची खूण या आंधळ्या माणसाच्या आवाजाची. पूर्वेला पांढरी रेघ उमटली हे त्यांना दिसायचं नाही. ते वाट पाहत थांबत. मग कोणीतरी त्यांना सांगे, ‘असबहता, असबहता’. उजाडलं, उजाडलं. ते ऐकलं की ते अजान देत.