ऑनलाइन हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट: मान्यता नेमकी कशाची तपासायची?

नमस्कार. अमेरिकेत राहून हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटची पदवी ऑनलाइन घेतली तर ती ग्राह्य धरतात का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली विचारला जातो. विचारणाऱ्यांत जोडीदाराच्या नोकरीमुळे इकडे आलेले आणि हाताशी बीकॉम, बीएचएमएस किंवा बीएएमएस असलेले बरेच जण असतात. ऑनलाइन आहे म्हणून ही पदवी कमी ठरत नाही. अडचण येते ती वेगळ्याच कारणाने, आणि आज मी मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे.

विषयाची ओळख थोडक्यात करून देते. आपल्याकडच्या रुग्णालयांत ज्याला एमआरडी (मेडिकल रेकॉर्ड्स डिपार्टमेंट) म्हणतात, त्या विभागाच्या कामाचा हा विस्तार आहे. रुग्णाची नोंद पूर्ण आणि अचूक आहे ना हे पाहणे, ती कोणाला दाखवता येते हे १९९६ च्या हिपा या अमेरिकी कायद्यानुसार ठरवणे, निदानांना कोड देणे, त्यावरून बिले आणि अहवाल तयार करणे, असे त्याचे स्वरूप असते. कोडिंगसाठी जावा शिकावी लागते का, असे एका ताईंनी विचारले होते. लागत नाही. इथे कोडिंग म्हणजे निदानाला ठरलेला कोड देणे, प्रोग्रॅम लिहिणे नव्हे. उदाहरणार्थ, डॉक्टरांनी टाइप २ मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार असे दोन्ही लिहिले असेल, तर गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा ई११.९ हा कोड देऊन चालत नाही. डॉक्टरांनी स्पष्टपणे नाकारलेले नसेल तर या दोन आजारांचा परस्परसंबंध आहे असे आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडपद्धतीचा नियमच गृहीत धरतो, म्हणून ई११.२२ द्यावा लागतो आणि त्याच्या जोडीला विकाराचा टप्पा सांगणारा एन१८ मधला कोड. ज्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आहे, त्यांना या कामात खरोखर रस वाटेल असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्रात पदवीधरांसाठी आरएचआयए ही ओळखली जाणारी पात्रता आहे आणि तिची परीक्षा १९२८ पासून कार्यरत असलेली अहिमा ही व्यावसायिक संघटना घेते. अमेरिकेत शिकून या परीक्षेला बसायचे असेल, तर तुमच्या अभ्यासक्रमाला सीएएचआयआयएम या संस्थेची मान्यता असावी लागते. अभ्यासक्रमाला, असे मी म्हणाले. विद्यापीठाला नव्हे.

माझी चूक इथेच झाली होती. प्रवेश घेण्यापूर्वी मी समुपदेशकांना फोन करून विचारले, की तुमचे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का. त्यांनी हो म्हटले आणि ते खरेच होते. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितले नाही. दोन सत्रांची फी भरून झाल्यावर परीक्षेचे पात्रतेचे नियम वाचताना माझ्या ते लक्षात आले. दुसरीकडे प्रवेश घेतला तेव्हा आधीच्या विषयांपैकी निम्म्याहून अधिक विषय धरले गेले नाहीत, आणि मुलाला झोपवून रात्री केलेला तो अभ्यास वाया गेल्याचे दुःख मला आजही आहे.

हीच गोष्ट पदवीच्या नावातूनही नीट समजते. एकाच विभागात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट, हेल्थ इन्फर्मॅटिक्स आणि हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असे तीन अभ्यासक्रम असू शकतात, जाहिरातीत तिन्हींचे वर्णन सारखेच वाटू शकते, आणि तरीही मान्यता त्यांपैकी एकालाच असू शकते. जाहिरातीतले 'आरोग्य क्षेत्रात करिअर' हे शब्द मान्यतेविषयी काहीही सांगत नाहीत.

पातळीचेही तसेच आहे. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला मान्यता असेल तर तिच्या आधारे आरएचआयटी ही परीक्षा देता येते, पण त्याच कॉलेजच्या बॅचलर पदवीला ती मान्यता आपोआप लागू होत नाही. काही अभ्यासक्रमांपुढे 'कॅन्डिडसी' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ मान्यतेची प्रक्रिया सुरू आहे एवढाच होतो, मान्यता मिळाली असा होत नाही. म्हणून सीएएचआयआयएमच्या संकेतस्थळावरील यादीत अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, पातळी आणि सद्यःस्थिती या तिन्ही गोष्टी स्वतः पाहाव्यात.

नागपूर आणि कोल्हापूरहून विचारणाऱ्यांसाठी सांगते, की भारतातली परिस्थिती वेगळी आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा गट समाविष्ट आहे, आणि या कायद्याखालील विषय ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवण्यास यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. कोणी या नावाची ऑनलाइन पदवी देऊ करत असेल, तर फी भरण्यापूर्वी यूजीसीची ती सूचना अवश्य वाचा.

दोन लहान गोष्टी राहिल्या. नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिकता येते, पण नोकरीसाठी वेगळा परवाना लागतो. शिवाय पदवी ऑनलाइन असली तरी प्रात्यक्षिक अनुभवाचा भाग चुकत नाही. त्यासाठी रुग्णालयात जावे लागले तर ते बहुधा लसीकरणाच्या नोंदी आणि पार्श्वभूमीची तपासणी मागतात, म्हणून भारतातले लसीकरणाचे कागद आताच मागवून ठेवा.

आणि प्रवेशाची फी भरण्याच्या आधी अभ्यासक्रमाच्या संचालकांना ईमेल पाठवा. त्यात दोनच प्रश्न विचारा: मी ज्या अभ्यासक्रमात नाव घालत आहे त्याला आज सीएएचआयआयएमची मान्यता आहे का, आणि तो पूर्ण केल्यावर मी आरएचआयए परीक्षेला बसू शकेन का. फोनवर मिळालेल्या उत्तरावर थांबू नका, ते लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा.