भूमिहीनाच्या वाट्याचं पाणी

चंदीगडचा सुखना तलाव. शिवालिकच्या डोंगरातून उतरणारा सुखना चो अडवून १९५८ साली तो बांधला. पावसाळी ओढ्याला इकडे ‘चो’ म्हणतात. पुढच्या वीसेक वर्षांतच तलाव गाळानं भरत चालला. एवढी माती येते कुठून? माग काढत शास्त्रज्ञ ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले आणि हरियाणातल्या सुखोमाजरी या छोट्याशा गावात पोचले.

डोंगर उघडेबोडके. माती मुळातच भुसभुशीत, त्यात शेळ्यांचे खूर.

जरा जवळून पाहा. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळतो. मातीचे कण उडतात, जमिनीची छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, धावत सुटतं. तोच थेंब गवताच्या पात्यावर पडला, तर घरंगळत बुडख्याशी उतरतो आणि तिथेच जिरतो. सुखोमाजरीत गवत उरलंच नव्हतं. ओघळींच्या घळी झाल्या आणि घळींनी शेतं गिळली.

मृदसंधारण शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांच्या पथकानं चर खणले, झाडं लावली. पण कोवळं रोप शेळीच्या तोंडून वाचवायचं कसं? १९७६ मध्ये मातीचं छोटं धरण झालं, पाणी शेतात खेळलं. तरी ज्याचं शेत त्या पाण्याखाली येत नव्हतं, ज्याला जमीनच नव्हती, त्यानं आपल्या शेळ्या का आवराव्यात? त्याचा हा सवाल रास्तच होता. वनीकरणाच्या कितीतरी योजना नेमक्या इथेच अडतात, कारण हा सवाल कुणी ऐकूनच घेत नाही.

इथे तो ऐकला गेला. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरावर ठरला. प्रत्येक घराला सारखा, भूमिहीनालाही. स्वतःला नको असेल तर त्यानं तो दुसऱ्याला विकावा. अट एकच, डोंगरावर मोकाट चराई बंद.

शेळ्या कमी झाल्या, दावणीला म्हशी आल्या. खैर पुन्हा फुटला. तलावाकडे जाणारा गाळ झपाट्यानं घटला. आणि डोंगरावर भाबर गवत माजलं, दोर वळायला आणि कागद गिरण्यांना लागणारं. पूर्वी त्याचा ठेका बाहेरचा माणूस घ्यायचा. वन खात्यानं तो पुढे गावच्या संस्थेला दिला. पावसाळा सरला, की विळे घेऊन डोंगर चढायला लागली ती सुखोमाजरीचीच माणसं.