खर्च नेमका कोणत्या कंपनीचा?

समजा, एका उद्योगसमूहाचा चाकणला सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, त्याच कंपनीचे दुसरे युनिट गुजरातमध्ये साणंदला आहे, विक्रीनंतरची सेवा देणारी वेगळी कंपनी पुण्यात आहे, आणि या सर्वांची बिले एकच मध्यवर्ती लेखा विभाग पाहतो. मालक एक असले, तरी कायदा या साऱ्याला एक खिसा मानत नाही. चाकण आणि साणंद यांचा पॅन एकच आहे. मात्र १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीत प्रत्येक राज्यातली नोंदणी ही स्वतंत्र व्यक्ती धरली जाते. सेवा कंपनीचा तर पॅनही वेगळा आणि ताळेबंदही वेगळा. स्पेंड मॅनेजमेंट सॉफ्टवेअर (खरेदीची मागणी, मंजुरी, बिले आणि पेमेंट सांभाळणारी संगणक प्रणाली) बसवताना ही रचना सर्वांत आधी त्यात उतरवावी लागते, आणि नेमकी तिथेच घाई केली जाते.

एक बिल जवळून पाहू. त्यावरच्या पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. माल साणंदने मागवला, साणंदलाच उतरला, पण पुरवठादाराने सवयीने २७ ने सुरू होणारा चाकणचा क्रमांक टाकला, तर ते बिल चाकणच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवर मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या विवरणात) दिसते आणि माल वापरणाऱ्या साणंदला त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. मग बिल दुरुस्त करून घेण्यासाठी पुरवठादाराच्या मागे लागावे लागते, आणि क्रेडिट घेण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरला, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तेव्हाच, संपते. म्हणूनच खर्च कोणाचा हा प्रश्न महिनाअखेरीस लेखापालाला नव्हे, तर खरेदीची मागणी नोंदवतानाच मागणी करणाऱ्याला विचारला गेला पाहिजे. तिथे कंपनी आणि युनिट निवडले, की परचेस ऑर्डरवर योग्य क्रमांक छापला जातो, आलेले बिल त्याच्याशी ताडून पाहता येते, आणि न जुळणारे बिल पेमेंटच्या यादीत जाण्याआधीच अडते.

सामाईक खर्च अधिक अवघड असतात. दोन्ही युनिटांसाठी घेतलेल्या लेखापरीक्षणासारख्या सेवेचे क्रेडिट १ एप्रिल २०२५ पासून इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर (सामाईक सेवांचे क्रेडिट युनिटांना वाटून देणारे कार्यालय) म्हणून नोंदणी करूनच वाटावे लागते, तेही उलाढालीच्या प्रमाणात. सेवा कंपनीला मात्र हा मार्ग खुला नाही, कारण तिचा पॅन वेगळा आहे. तिच्या वाट्याचा खर्च रीतसर करबिल करूनच वसूल करावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी भरून खर्च तीन ठिकाणी विभागला, एवढ्याने काम झाले असे समजणे धोक्याचे आहे.

पुरवठादारांची यादीही अशीच कसून तपासावी लागते. एकच वर्कशॉप एका कंपनीत पूर्ण नावाने आणि दुसरीत आद्याक्षरांनी नोंदलेले असते, त्यामुळे समूह त्याच्याकडून एकूण किती खरेदी करतो हे कोणालाच दिसत नाही आणि दराची बोलणी तुकड्यातुकड्यांत होतात. पॅननुसार जुळणी केली, तर हे दुहेरीपण उघड होते. तो पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून मान्य होते. ही तारीख प्रत्येक बिलावर दिसणे आम्हाला कोणत्याही रंगीत डॅशबोर्डपेक्षा मोलाचे वाटते, कारण पलीकडे पगाराच्या तारखेला पैशांची वाट पाहणारा छोटा कारखानदार असतो.

मंजुरीचे अधिकार प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळाने दिलेल्या मर्यादेप्रमाणेच ठेवावे लागतात. चाकणचे प्लँट हेड समूहात कितीही ज्येष्ठ असले, तरी सेवा कंपनीचा खर्च त्यांनी मंजूर करणे योग्य नाही. तसेच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आवश्यक झाले आहे. त्यामुळे चुकीच्या कंपनीत पडलेले बिल गुपचूप हलवता येत नाही, तर त्यासाठी कारणासह उलट नोंद करावी लागते.

एका कंपनीने दुसरीसाठी पैसे भरले, की पहिलीच्या वहीत येणे आणि दुसरीच्या वहीत देणे एकाच दिवशी, एकाच संदर्भ क्रमांकाने नोंदले गेले पाहिजे. या जोडनोंदी दर महिन्याला जुळवल्या, तर मार्चनंतर एकत्रित ताळेबंद करताना आपसातले व्यवहार वगळण्याचे काम लेखा विभागाला जुन्या ईमेलमध्ये शोधाशोध न करता पूर्ण करता येते.