तारखांची वही

नमस्कार मंडळी. कॉलेजात, युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्यांची नोकरी पक्की व्हायला आणि प्रमोशन मिळायला युनियनचा नेमका उपयोग काय, यावर आज बोलायचंय. युनियनने भांडून प्रमोशन आणलं असं लोक सर्रास म्हणतात, पण तसं नसतं हो. प्रमोशन देते ती कमिटी, युनियन तारीख सांभाळते. परत सांगतो, युनियन तारीख सांभाळते.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमात प्रोबेशन एक वर्षाचं आहे, फार तर आणखी एक वर्ष वाढतं, आणि ते संपलं की ४५ दिवसांत कन्फर्मेशनची ऑर्डर निघायला पाहिजे. मग असिस्टंट प्रोफेसरला पगाराच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५, नाहीतर ६. वेळेवर अर्ज केला आणि निवड झाली तर प्रमोशन ड्यू डेटपासून, म्हणजे ही वर्षं भरली त्या दिवसापासून, धरतात.

आता आमच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या बाईंचं सांगतो. वाळपईहून रोज कदंबाच्या बसने यायच्या. त्यांची ४ वर्षं भरली, त्यांनी फाईल दिली, आणि कमिटीच्या मीटिंगला दोन दिवस उरले असताना ऑफिसातून निरोप आला की तुमची फाईल आमच्याकडे आलेलीच नाही. बाई रडवेल्या झाल्या. आमच्या युनियनचे सेक्रेटरी फोंड्याचे, त्यांच्या कापडी पिशवीत एक लांबडी वही असायची, प्रत्येकाची जॉइनिंगची तारीख, प्रोबेशन कधी संपतं, ड्यू डेट कधी, सगळं त्यात. ते दरवर्षी बजावायचे की झेरॉक्सवर इनवर्डचा, म्हणजे ऑफिसला कागद मिळाल्याचा, शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. बाईंनी शिक्का घेतला होता, पण तो कागद ठेवला कुठे ते आठवेना! कपाट झालं, पर्स झाली, घरी फोन झाला, आईने ट्रंक उपसली. संध्याकाळी लॅबमधला शिपाई म्हणाला, बाय, तुम्ही पावसात कागद सादळतात म्हणून तिथे ठेवता ना? आणि खरंच, हर्बेरियमच्या प्रेसमध्ये, म्हणजे झाडांचे नमुने दाबून सुकवायच्या फळ्यांत, जुन्या पेपरात दाबलेल्या भिरंडीच्या (कोकमाच्या) फांदीखाली तो कागद सापडला, सपाट, कोरडा, शिक्का स्पष्ट. (आणि जाता जाता बोलतोच, हल्ली सायन्सच्या पोरांना भिरंडीचं झाड ओळखता येत नाही, प्रोजेक्टरवर झाडं शिकवून झाडं कळत नाहीत, त्यांना सत्तरीच्या रानात न्यायला हवं, माझं हे मत कायमचं आहे.)

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तो कागद घेऊन प्रिन्सिपलांकडे गेले. बाईंना प्रमोशन द्या, असं ते म्हणालेच नाहीत. फाईल उद्याच्या मीटिंगला ठेवा, एवढंच म्हणाले. मीटिंगच्या वेळी ते बाहेर बाकावर बसून राहिले, आत प्रश्नांना उत्तरं बाईंनी दिली. चवथीच्या आधी ऑर्डर आली, ड्यू डेटपासूनची.

कागदावर एवढा जोर का, तर शिक्षकाला कामगारासारखं लेबर कोर्टात जाता येत नाही. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नाही असा निकाल दिला, आणि ती केस आपल्या गोव्यातल्याच एका शिक्षिकेची होती. अमेरिकेतही १९८०मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका खाजगी युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक मॅनेजमेंटचाच भाग ठरवले, त्यामुळे खाजगी ठिकाणी युनियन करणं तिथे अवघड होऊन बसलं. जिथे युनियनचा करार आहे तिथेसुद्धा, टेन्यूर, म्हणजे कायमची नोकरी, नाकारल्याची तक्रार झाली की बहुतेक वेळा बघतात ते प्रोसिजर पाळली का, मुदत पाळली का. माणूस किती विद्वान आहे ते ठरवायचं काम सहकाऱ्यांच्या कमिटीकडेच राहतं. म्हणजे तिथेही तारीखच.

मला एक गोष्ट मात्र खुपते. लेक्चर बेसिसवरची, म्हणजे तासामागे पैसे मिळणारी, आणि कॉन्ट्रॅक्टवरची मुलं वर्षानुवर्षं शिकवतात आणि बऱ्याच युनियनच्या यादीत त्यांचं नाव नसतं. त्यांचं प्रोबेशन सुरूच होत नाही, मग ड्यू डेट कुठली यायला? रीतसर सिलेक्शन कमिटीने निवड, पूर्ण पात्रता, रेग्युलर शिक्षकाएवढा पगार, अशा अटी बसल्या तर कॉन्ट्रॅक्टची वर्षंही प्रमोशनला धरता येतात, पण ते दाखवायला प्रत्येक वर्षाची ऑर्डर हातात लागते, आणि ती जपून ठेव असं त्या पोरांना कोणी सांगत नाही.

सेक्रेटरी रिटायर झाले तेव्हा ती वही त्यांनी बॉटनीच्या बाईंकडे दिली. बाईंनी शेवटची दहा पानं वेगळी काढलीत, तिथे लेक्चर बेसिसवाल्यांच्या ऑर्डरच्या तारखा लिहितात, कधी लागले, कधी ब्रेक दिला, परत कधी घेतले.