पेरू, करवंद आणि तुरटपणा

पत्रिकेवर ‘वाईन व मद्य चाखण्याचे कार्यक्रम’ हा विषय वाचून काहींनी आधीच विचारले की व्याख्यानानंतर प्रात्यक्षिक आहे का. प्रात्यक्षिक नाही, सभागृहाच्या नियमांत ते बसत नाही. शब्दांवर भागवावे लागेल, आणि माझा मुद्दाही शब्दांचाच आहे.

महाराष्ट्र शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, 2005 मध्ये सुला या वाईन कंपनीने नाशिकला चाखणीसाठी स्वतंत्र कक्ष उघडला आणि 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षे आपल्याकडची, माती आपली, वायनरीत काम करणारी माणसे आपली. चाखताना तोंडी येणारे शब्द मात्र बहुधा परके. अशाच एका वायनरीत आम्ही बारा-तेरा जण पेले धरून उभे होतो. पेल्यात सोव्हिन्यों ब्लां नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन होती. माहिती सांगणाऱ्या तरुणाने ‘गूजबेरी आणि ताजे कापलेले गवत’ असे पाठ म्हटल्यासारखे सांगितले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. गूजबेरी आमच्यापैकी कुणीच खाल्लेली नव्हती. नंतर विचारले तेव्हा कळले की त्यानेही नव्हती. मागे उभ्या असलेल्या एक काकू मात्र हळूच म्हणाल्या, ‘अहो, हा तर पिकायला ठेवलेल्या पेरूचा वास.’ तरुण हसला आणि पुढच्या बाटलीकडे वळला.

काकूंचे निदान पक्के होते. या द्राक्षाची वाईन आंबताना थायोल नावाची गंधकयुक्त संयुगे मोकळी होतात आणि त्यांतली काही पेरूतही सापडतात. याच वाईनमध्ये कधी ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतो, तो पायराझीन गटातल्या संयुगांचा. ती संयुगे ढोबळ्या मिरचीतही असतात. म्हणजे वासाचे वर्णन ही केवळ कविकल्पना नसते, तिला रसायनाचा आधार असतो, आणि तो आधार ओळखायला परदेशी फळ खाल्लेले असण्याची गरज नाही.

उसने शब्द किती फसवतात हे फ्रान्समधल्या एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बोर्दोमधल्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली गेली, आणि तीच वाईन गंधहीन लाल रंग मिसळूनही दिली गेली. ती लाल दिसताच त्यांनी तिच्यासाठी लाल वाईनचे शब्द वापरले. हे सगळे वाईनशास्त्राचे विद्यार्थी होते. डोळ्याने पाहिले आणि जिभेने ‘होय’ म्हटले. त्यामुळे यजमान वर्णन सांगू लागण्यापूर्वीच आपले दोन शब्द कागदावर उतरवावेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकदा ‘गूजबेरी’ कानावर पडली की पेरू आठवणे अवघड होते.

शिवाय सर्वांची नाके सारखी नसतात. शिराझ या लाल वाईनमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो, तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असल्याचे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले, आणि त्यांच्याच चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला तो वास पुष्कळ प्रमाणातही येईना. शेजाऱ्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर त्यात तुमचे काही चुकत नाही.

आता तुरटपणा. लाल वाईनमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत होते. आधुनिक शरीरशास्त्र हिला चव न मानता स्पर्शाची जाणीव मानते. आयुर्वेदाने ‘कषाय’ म्हणून तिला सहा रसांत स्वतंत्र जागा दिली. वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की जांभूळ, सुपारी आणि हिरडा यांवर वाढलेल्या जिभेला तुरटाच्या छटा शिकवाव्या लागत नाहीत. जांभळाचा तुरटपणा फळाच्या गोडीबरोबर येतो आणि विरतो, हिरड्याचा मागे रेंगाळतो. लाल वाईनमध्ये हाच फरक पारखायचा असतो. करवंदाचे आंबट-तुरट मिश्रण तर कॅबर्ने चाखताना मला हमखास आठवते.

चाखणीच्या रीतीविषयी थोडेच सांगतो, कारण ती तिथे गेल्यावर कुणीही सांगते: हलक्याकडून भारीकडे जावे, अत्तर लावून आणि पान खाऊन जाऊ नये. थुंकण्याबद्दल मात्र बोलायलाच हवे. तिथे त्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि आपल्याकडे कुणी त्याला हात लावत नाही. रस्त्यावर पिंक टाकताना न लाजणारा समाज इथे का लाजतो, हे मला उमगलेले नाही. हिशेब सोपा आहे: 50 मिलिलिटरचे सहा घोट गिळले तर 300 मिलिलिटर, म्हणजे भरलेले दोन पेले झाले, आणि त्यानंतर कसारा घाट उतरून मुंबई गाठायची असते.

जहाल मद्याची चाखणी आणखी वेगळी. 42.8 टक्के अल्कोहोल असलेला पेला थेट नाकाशी नेला तर नाक बधिर होते, वास कळत नाही. म्हणून व्हिस्कीचे मिश्रण करणारे लोक ती पाण्याने निम्म्याहून सौम्य करून मग हुंगतात. फेणीलाही हीच वागणूक द्यावी. काजूच्या बोंडांचा रस म्हणजे निरो, तो आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी शहरी चाखणीत तिच्या वासाने नाके मुरडली जातात आणि यजमान घाईघाईने ‘ट्रॉपिकल फ्रूट’ म्हणून वेळ मारून नेतात. सिंधुदुर्गातल्या कोणालाही विचारा. एप्रिलमध्ये झाडाखाली पडून उन्हात आंबू लागलेल्या बोंडांचा तो वास आहे, एवढे तो डोळे मिटून सांगेल.

माझ्या वहीत एका शिराझपुढे तीन वर्षांपूर्वी मी ‘आमसूल?’ असे लिहिले आहे. त्यानंतर ती वाईन दोनदा चाखली. एकदा आमसूल सापडले, एकदा नाही. प्रश्नचिन्ह मी अजून खोडलेले नाही.